धुक्यातल्या बेटाचा बेत

माझे वडील मुंबईत एका आगबोट कंपनीच्या कचेरीत हमाल होते. साहेब लोकांनी टोपलीत टाकलेली परदेशी पाकिटे ते संध्याकाळी घरी आणीत आणि वाफेवर धरून त्यांवरची तिकिटे सोडवीत. त्यांना वाचता येत नव्हते, पण चित्रे पाहायला आवडत. हत्ती, राणी, आगगाडी, नारळाची झाडे. त्यात एक तिकीट होते होडीचे. होडीत माणसे, भोवती समुद्र आणि खाली कुणालाच न कळणारी अक्षरे. चाळीतल्या शिकलेल्या मास्तरांनी ती लावून पाहिली आणि म्हणाले, "सेंट पियर आणि मिकेलॉन. फ्रान्सचे बेट असावे." मी शाळेच्या नकाशात फ्रान्सभोवतीचा सगळा समुद्र बोटाने शोधला. बेट सापडले नाही. वडील म्हणाले, "असू दे. तिकीट आहे म्हणजे गावही असणार."

वडील गेले. तिकिटांची वही माझ्याकडे आली. बसगाड्यांवर वाहक म्हणून माझी नोकरी झाली, मुले शिकली, मोठी मुलगी परिचारिका होऊन कॅनडात न्यूफाउंडलंडला गेली. एका रविवारी तिचा फोन आला, "बाबा, तुमच्या वहीतले ते बेट इथून जवळ आहे. मी बोर्डावर नाव वाचले. तुम्ही आणि आई या ऑगस्टमध्ये या, आपण जाऊ."

ही बातमी विहारात पोहोचायला वेळ लागला नाही. एक ज्येष्ठ उपासक मला म्हणाले, "जयभीम! ऐकले ते खरे का? तिकडे ना लेणी, ना बुद्धविहार. जायचेच तर श्रीलंकेला जा, थायलंडला जा. त्या माशांच्या बेटावर आपल्या माणसाने पाहावे असे काय आहे?" मुलीच्या आईचेही म्हणणे तेच होते, फक्त तिने पैशाचा हिशेब पुढे ठेवला होता.

प्रश्न रास्त होता. पदरची पुंजी अशा प्रवासावर खर्च करणाऱ्या माणसाने उत्तर दिले पाहिजे. म्हणून गेले सहा महिने मी त्या बेटाविषयी मिळेल ते वाचले, मुलीकडून समजून घेतले. त्याचेच हे टिपण आपल्या कुटुंबांसाठी लिहीत आहे. जाणाऱ्याला उपयोगी पडेल, न जाणाऱ्याला घरबसल्या बेट दिसेल.

बेट आहे तरी कुठे?

मी लहानपणी चुकीच्या समुद्रात शोधत होतो. हे बेट फ्रान्सजवळ नाहीच. ते उत्तर अमेरिकेच्या पूर्वेला, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. पॅरिस तिथून चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर. तरीही झेंडा फ्रान्सचा, पोलीस फ्रान्सचे, भाषा फ्रेंच, नाणे युरो. एके काळी उत्तर अमेरिकेत फ्रान्सची प्रचंड वसाहत होती. ती सगळी गेली आणि शेवटी एवढाच तुकडा उरला.

सगळे मिळून क्षेत्रफळ २४२ चौरस किलोमीटर. वस्ती सहा हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. सेंट पियर हे बेट लहान, अवघे २६ चौरस किलोमीटरचे, पण बहुतेक माणसे तिथेच राहतात. दुसरे मोठे बेट मिकेलॉन-लांग्लाद. ही मुळात दोन बेटे. मधल्या वाळूच्या लांबलचक पट्ट्याने ती एकमेकांना जोडली आहेत. त्या पट्ट्यावर धुक्यात कितीतरी जहाजे आपटून फुटली. आजूबाजूच्या समुद्रात आजवर बुडालेल्या जहाजांची संख्या शेकड्यांत मोजतात. मिकेलॉन गावात सहाशेच्या आसपास वस्ती. जवळच्या खाजणात सील मासे खाऊन उन्हात पडून राहतात.

राज्यकारभाराच्या दृष्टीने ही बेटे फ्रान्सचाच भाग आहेत. १९७६ ते १९८५ त्यांना जिल्ह्याचा दर्जा होता, नंतर वेगळा दर्जा दिला गेला. पॅरिसच्या संसदेत त्यांचा एक खासदार खालच्या सभागृहात आणि एक वरच्या सभागृहात बसतो. सहा हजार माणसांचा आवाज राजधानीत आहे, ही गोष्ट प्रतिनिधित्वासाठी झगडलेल्या समाजाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

घरे जाळली, माणसे बोटीत भरली

आता इतिहास. सोळाव्या शतकापासून फ्रान्सच्या ब्रिटनी, नॉर्मंडी आणि बास्क भागातले कोळी तिथे मासेमारीला येत. १७१३ च्या तहात बेटे इंग्रजांकडे गेली, १७६३ च्या तहात फ्रान्सला परत मिळाली. त्या वेळी तिथे आले ते अकेडियन लोक. कॅनडाच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे हे फ्रेंच भाषिक शेतकरी. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना गावेच्या गावे उठवून देशोधडीला लावले होते. त्यातल्या काहींनी मिकेलॉनला आसरा घेतला.

पण तिथेही ते टिकू दिले गेले नाहीत. १७७८ साली इंग्रजांचे आरमार आले. घरे, होड्या, गोदामे जाळली आणि सगळ्या रहिवाशांना बोटीत भरून फ्रान्सला पाठवले. पाच-सहा वर्षांनी लोक परत आले, घरे पुन्हा उभी केली. १७९३ मध्ये पुन्हा तेच झाले. १८१६ साली ते कायमचे परतले आणि तिथून आजची वस्ती सुरू झाली.

हे वाचून दाखवले तेव्हा मुलीची आई भाकरी थापता थापता थांबली. आमची झोपडी आमच्या लग्नानंतर दोनदा पाडली गेली होती. ती एवढेच म्हणाली, "आणि तरी परत तिथेच आले?" त्या दिवसापासून तिने बेटाला 'माशांचे बेट' म्हणणे सोडले.

कॉड मासा आणि त्याला वाळवणारी पोरे

या बेटाचे सगळे बरेवाईट एका माशाने ठरवले. त्याचे नाव कॉड. थंड पाण्यातला मोठा, पांढऱ्या मांसाचा मासा. तो खारवून वाळवला की महिनोन्‌महिने टिकतो. बर्फाच्या पेट्या नव्हत्या त्या काळात युरोपाचे अर्धे पोट या सुक्या माशावर भरे. सपाट बुडाच्या डोरी नावाच्या होडीत दोन-दोन माणसे बसून समुद्रात जात. धुके उतरले की मोठे गलबत दिसेनासे होई आणि काही डोऱ्या परतच येत नसत.

आपल्या कोळीवाड्यांत बोंबील वाळत घालतात ते आपण पाहिले आहे. सेंट पियरला वलांडी नसत. किनाऱ्यावर गोल दगडगोटे पसरून त्यावर मासा मांडीत. हे काम करायला ब्रिटनीतल्या गरीब घरांतली चौदा-पंधरा वर्षांची पोरे हंगामासाठी करारावर आणली जात. दगडगोट्यांच्या त्या किनाऱ्यावरून त्यांना 'ग्राव्हिए' असे नाव पडले होते. सकाळी मासा पसरायचा, उलटायचा, पाऊस आला की धावत गोळा करायचा, संध्याकाळी ढीग रचायचा. हात मिठाने फाटलेले, राहायला ओबडधोबड खोपटे, मजुरी तुटपुंजी. एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षे अशी पोरे बोटीने येत राहिली.

आणखी एक गोष्ट. अटलांटिकच्या या टापूतला कॉड दोन दर्जांचा असे. चांगला मासा युरोपात जाई. तुटका, काळवंडलेला, नीट न वाळलेला मासा कॅरिबियन बेटांवर जाई, कारण तिथल्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांना तो शिधा म्हणून देत. फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी १८४८ साली कायमची बंद झाली. तोवर कितीतरी वर्षे एका टोकाला मासा वाळवणारे गरीब पोर आणि दुसऱ्या टोकाला तो खाणारा गुलाम अशी साखळी होती. फायदा मधल्या व्यापाऱ्याचा. उरलेसुरले, उष्टेपाष्टे कुणाच्या ताटात टाकतात, हे आपल्या आजी-आजोबांना कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नव्हते.

पुढे यंत्राच्या मोठ्या बोटी आल्या. अनेक देशांच्या बोटींनी समुद्राचा तळ खरवडून काढला. मासा संपत आला तसे हद्दीचे भांडण पेटले. १० जून १९९२ रोजी लवादाने निकाल दिला आणि फ्रान्सच्या वाट्याला बेटांभोवतीचे पाणी व दक्षिणेकडे जाणारी एक लांब, अरुंद पट्टी आली. पुढच्याच महिन्यात कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या उत्तरेकडील कॉडची मासेमारी बंद केली आणि १९९३ मध्ये सेंट पियरलगतच्या पाण्यातही बंदी आली. पाच शतकांचा धंदा बसला. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा घराघरांत काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना तिथले घर कसे झाले असेल हे सांगायला नको. कॅनडाने उत्तरेकडची बंदी ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये उठवली. सेंट पियरला आता खेकडे आणि इतर मासळी काही प्रमाणात निघते, पण घरे चालतात ती मुख्यतः सरकारी नोकऱ्यांवर आणि फ्रान्सकडून येणाऱ्या पैशावर.

दारूची तेरा वर्षे

पंचशील घेतलेल्या घरांनी विशेष वाचावा असा एक भाग आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. सेंट पियर अमेरिकेच्या जवळ, पण कायदा फ्रान्सचा. व्यापाऱ्यांनी ही फट हेरली. कॅनडाची व्हिस्की, फ्रान्सची शॅम्पेन कायदेशीरपणे बेटावर उतरायची आणि रात्री लहान बोटींनी अमेरिकेच्या किनाऱ्याला चोरून जायची. कोळ्यांनी जाळी टांगून ठेवली. मासे सुकवण्याची गोदामे बाटल्यांनी भरली. खोके उतरवणाऱ्याला मासे धरणाऱ्यापेक्षा जास्त पैसा मिळू लागला. व्हिस्कीच्या खोक्यांच्या इतक्या फळ्या जमल्या की लोक त्या घर बांधायला वापरू लागले. शिकागोचा कुप्रसिद्ध टोळीवाला अल कपोन इथे येऊन गेल्याचे तिथले लोक आजही रंगवून सांगतात.

मग १९३३ साली अमेरिकेने दारूबंदी उठवली आणि सगळे रिकामे झाले. जाळी कुजलेली, होड्या जुन्या झालेल्या, तरुणांचा मासेमारीचा हात गेलेला. बेटावर बेकारी आली. दारूचा पैसा आला तसा गेला आणि जाताना जुना धंदाही घेऊन गेला. दारूने घर बसते हे आपण वस्तीत रोज पाहतो. इथे प्यायचे दुसरे आणि विकायचे हे, तरी गाव बसले. विहारात पाचव्या शीलावर बोलताना हे उदाहरण देण्यासारखे आहे.

संग्रहालयातले यंत्र

सेंट पियरच्या संग्रहालयात एक गिलोटिन ठेवलेले आहे. गिलोटिन म्हणजे मान छाटण्याचे फ्रेंच यंत्र. १८८८ च्या अखेरीस दारूच्या नशेत एका कोळ्याचा खून झाला. जोसेफ नील नावाच्या माणसाला त्यासाठी देहदंडाची शिक्षा झाली. पण बेटावर यंत्र नव्हते. ते मार्टिनिक या दुसऱ्या फ्रेंच बेटावरून बोटीने मागवावे लागले. हे काम करायला माणूस मिळेना. अखेर २४ ऑगस्ट १८८९ रोजी शिक्षा अमलात आली. उत्तर अमेरिकेत गिलोटिन वापरले गेल्याचा हा एकमेव प्रसंग मानतात.

फ्रान्सने १९८१ साली देहदंड रद्द केला. आपल्या संविधान सभेत १९४९ साली हा विषय निघाला तेव्हा बाबासाहेबांनी देहदंडच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते आणि त्याला या देशातल्या अहिंसेच्या विचाराचा आधार दिला होता. ते यंत्र पाहताना मला त्याची आठवण ठेवायची आहे.

२५ डिसेंबर

२५ डिसेंबर ही तारीख आपल्यासाठी महाडची. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. या बेटाच्या इतिहासातही हीच तारीख मोठी आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स जिंकला. तेव्हाचे फ्रान्सचे सरकार हिटलरशी जुळवून घेत होते आणि बेटांचा कारभारही त्याच सरकारकडे होता. जनरल द गॉल यांनी लंडनहून स्वतंत्र फ्रान्सची चळवळ चालवली होती. २४ डिसेंबर १९४१ च्या पहाटे त्यांचे ॲडमिरल म्युझेलिए तीन लढाऊ जहाजे व एक पाणबुडी घेऊन सेंट पियरला उतरले. गोळी न झाडता बेट ताब्यात आले. दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला, लोकांचे मत घेतले गेले. कौल द गॉल यांच्या बाजूने जबरदस्त पडला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चिडले, पण बेट मागे फिरले नाही. बेटावरची कोवळी पोरे त्या जहाजांवर भरती झाली. त्यातले 'मिमोझा' हे जहाज १९४२ साली बुडवले गेले आणि सेंट पियरच्या अनेक घरांतले दिवे विझले.

यात एक उणीव आहे तीही सांगतो. त्या दिवशी मत फक्त पुरुषांनी दिले. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा हक्क १९४४ साली मिळाला. आपल्याकडे संविधानाने १९५० मध्ये पहिल्याच झटक्यात स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांना एक मत दिले. मुलीच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मत द्यायच्या कामात त्यांच्यापेक्षा आपला कायदा बरा निघाला." बाबासाहेबांचे ऋण मोजायचा हाही एक मार्ग आहे.

नाण्यावरचे तीन शब्द

आता विहारातल्या त्या ज्येष्ठ उपासकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर. फ्रान्समध्ये शाळेच्या, नगरपालिकेच्या दारावर तीन शब्द कोरलेले असतात : स्वातंत्र्य, समता, बंधुता. फ्रान्समध्ये पाडलेल्या एक आणि दोन युरोच्या नाण्यांवरही हेच शब्द आहेत. म्हणजे सेंट पियरच्या बेकरीत पाव घेऊन उरलेली मोड हातात आली की त्यात हे तीन शब्द हमखास सापडणार.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही हेच शब्द आहेत. पण ते फ्रान्सकडून उसने आणले असे कुणी म्हणू नये, हे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्वच्छ बजावले होते. हे तत्त्वज्ञान आपण आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले, असे ते म्हणाले. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी फ्रेंच क्रांतीचे माप आणखी काटेकोरपणे घेतले. घोषणेमुळे तिचे स्वागत झाले, पण समता काही ती आणू शकली नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

बेटाचा इतिहास वाचताना या वाक्याचा अर्थ मला उलगडत गेला. क्रांती झाली १७८९ साली. त्यानंतरही दगडगोट्यांवर मासा वाळवणारी पोरे होती, सुका मासा खाणारे गुलाम होते, मताविना राहिलेल्या बाया होत्या. दारावर शब्द कोरले की ते घरात येतातच असे नाही. ते माणसाच्या मनात उतरावे लागतात, म्हणून बाबासाहेबांना धम्म हवा होता. लेण्यांत बुद्ध भेटतो हे खरे. पण बुद्धाचे म्हणणे का लागते हे समजायला असेही एखादे बेट पाहावे, असे मला वाटते. मी उपासकांना हेच सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "येताना ते नाणे घेऊन ये. मुलांना दाखवू."

जाणाऱ्यांसाठी

हंगाम : जून-जुलैत धुके फार. विमाने आणि बोटी खोळंबतात. ऑगस्ट-सप्टेंबर त्यातल्या त्यात बरे. तेव्हाही थंड वारा असतो. आपल्याकडच्या पावसाळ्याचा रेनकोट आणि महाबळेश्वरचा स्वेटर दोन्ही घ्यावे. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, तर ऑगस्टमध्ये बास्क लोकांचा उत्सव असतो. परतीचे विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशी धरू नये, हाताशी एक-दोन दिवस ठेवावे.

वाट : मुंबईहून थेट विमान नाही. कॅनडात सेंट जॉन्स, हॅलिफॅक्स किंवा माँट्रियलला जावे. तिथून एअर सेंट पियरचे लहान विमान मिळते. उन्हाळ्यात पॅरिसहूनही थेट विमान असते. आम्ही मात्र बोटीने जाणार. सेंट जॉन्सहून मोटारीने चार-साडेचार तासांवर फॉर्च्युन नावाचे बंदर आहे. तिथून बोट सुमारे दीड तासात सेंट पियरला लावते.

कागदपत्रे : इथे घाई करू नये. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि बेटासाठी फ्रान्सची वेगळी परवानगी लागते. ही बेटे शेंगेन हद्दीत येत नाहीत, त्यामुळे युरोपचा व्हिसा आहे म्हणजे झाले असे समजू नये. फ्रान्सच्या व्हिसा केंद्रात बेटांचे नाव घेऊनच विचारावे. कॅनडात मिळालेल्या मुक्कामाच्या मुदतीत फक्त सेंट पियरला जाऊन थेट परत आले तर कॅनडाचा नवा व्हिसा लागत नाही, असा नियम आहे. तरी तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्यावी, कारण नियम बदलतात. आजारपणाचा विमा जरूर काढावा.

घड्याळ : न्यूफाउंडलंडचे घड्याळ आपल्यासारखेच अर्ध्या तासाचे. सेंट पियर त्याच्याही अर्धा तास पुढे. ऑगस्टमध्ये बेट आपल्यापेक्षा साडेसात तास मागे असते, हिवाळ्यात साडेआठ. बोटीत घड्याळ लावायला विसरू नये.

पैसा, वीज, दुकाने : नाणे युरो, कॅनडाचे डॉलर बऱ्याच ठिकाणी चालतात. वीज आपल्यासारखी २२० व्होल्ट, पण प्लग युरोपचा. दुपारी दुकाने बंद होतात, रविवारी बहुतेक गाव बंद. दुकानात शिरताच 'बोंझूर' म्हणावे. न बोलता वस्तूला हात लावणे तिथे उद्धटपणाचे समजतात. मुलगी आम्हाला फोनवर दहा शब्द शिकवते आहे.

खाणे : पाव उत्तम, मासळी भरपूर. शाकाहारी उपासक-उपासिकांनी आपला डबा, चटणी, मेतकूट जवळ ठेवावे. भाजीपाला बाहेरून येतो, म्हणून महाग.

काय पाहावे : बंदरावरच्या रंगीत लाकडी खोपट्यांना 'सालीन' म्हणतात. मासेमारीचे सामान तिथे असे. जुन्या डोऱ्या जपणारी मंडळी तिथे भेटतात. १९०६ साली बांधलेली बास्क लोकांची चेंडू खेळण्याची भिंत गावातच आहे. समोरच्या 'इल ओ मारँ' म्हणजे खलाशांच्या बेटावर होडीने दहा मिनिटांत जाता येते. एके काळी तिथे सहाशेहून अधिक कोळी राहत. मासा गेला, माणसे उठली, कायमची वस्ती संपली. चर्च आणि शाळा उभ्या आहेत. शाळेत आता संग्रहालय आहे. पोस्टातून बेटाची तिकिटे घ्यावीत, ही बेटे आजही स्वतःची तिकिटे काढतात.

मिकेलॉन गाव शक्य असेल तर लवकर पाहावे. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे. हवामान तापते आहे, पाणी चढते आहे, वादळे आत शिरत आहेत. म्हणून सगळे गाव जवळच्या उंच जागेवर हलवायचे काम तिथे हाती घेतले आहे. १७७८ आणि १७९३ ला आरमाराने उठवले, आता समुद्र उठवतो आहे. फरक एवढाच की या वेळी लोकांना आधी बसवून विचारले जात आहे.

एक जूनचा वाढदिवस

शेवटी आमच्या अडचणीविषयी, कारण ती अनेक घरांत निघेल. आमचा पहिला अर्ज एका कचेरीने परत पाठवला. मुलीच्या आईचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. जन्मतारीख एक जून. माझीही एक जून. खिडकीवरच्या माणसाने विचारले, "तुम्हा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी?" मी म्हणालो, "साहेब, आमच्या पिढीत निम्म्या शाळेचा वाढदिवस एक जूनला असे. जन्माची नोंद कुणी ठेवली नाही, मास्तरांनी ठेवली ती हीच." तो हसला नाही, पण प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नावाची नोंद करून आणा म्हणाला. ते करायला चार महिने लागले. तेव्हा परदेशी जायचे असो वा नसो, घरातल्या बायामाणसांची कागदपत्रे आजच एका नावावर आणून ठेवा. वेळ आली की वाट अडते ती इथेच.

दुसऱ्या अर्जावर मुलीच्या आईने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही, थोडी तिरकी. नंतर तिने स्वतःच्या बचतीतून पाच हजार काढून विहाराच्या ग्रंथालयाला दिले आणि म्हणाली, "आधी हे. मग प्रवास." आता तिच्याकडून हरकत नाही.

वडिलांचे ते तिकीट मी वहीतून काढून पाकिटात ठेवले आहे. सेंट पियरच्या पोस्टात गेलो की नवे तिकीट घेऊन पत्रावर लावीन आणि आमच्या चाळीच्या पत्त्यावर टाकीन. वडील आता नाहीत, पण पत्र येईल तेव्हा घरातली नातवंडे ते तिकीट वाफेवर धरून सोडवतील. त्यांना त्यावरची अक्षरे वाचता येतील.

जयभीम!